खिशातले फ्यूज

लाइट गेली की आमच्या गल्लीत एकच ओरडा होतो. कुणाचा पंखा बंद पडतो, कुणाची मालिका ऐन रंगात आलेली असताना अर्धी राहते. समोरचा इस्त्रीवाला तर थेट आमच्या दाराकडे बघून शिव्या घालतो, कारण त्याच्या मते आमच्या ह्यांनी त्याच्या इस्त्रीवर डूख धरलाय. मी घरीच शिवणकाम करते. मशीनवरचा दिवा विझला की मी मोटारीचा पट्टा काढते, पायाने मशीन चालवायला लागते आणि मनात म्हणते, बरं झालं. आमचे हे वायरमन आहेत. लाइट गेली म्हणजे तार मेली आणि तार मेली म्हणजे हे सुखरूप. सगळी गल्ली करवादत असते तेव्हा मी निवांत काजं-बटणं करत बसते.

खरी धडधड लाइट आल्यावर सुरू होते. बाहेर ‘आली, आली’ म्हणून पोरं नाचतात आणि माझा पाय मशीनवर थबकतो. लाइट आली खरी, पण हे खांबावरून उतरले का? यावर आम्ही पूर्वीच एक तोडगा काढला होता. काम संपवून जमिनीला पाय टेकले की ह्यांनी मला एक रिंग द्यायची. मी फोन उचलायचा नाही, कट करायचा. रिंग आली की माझा जीव भांड्यात पडतो. रिंगला उशीर झाला की मी त्याच त्या शिवणीवरून पुन्हा पुन्हा टीप मारत बसते. गिऱ्हाइकं म्हणतात, तुमची शिलाई फार पक्की असते हो. असणारच.

माणूस म्हणाल तर हे साधे, मितभाषी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नोकरीने ह्यांच्या अंगावर काय काय करून ठेवलंय ते मला तेल लावताना दिसतं. कमरेला पट्ट्याचा काळा वळ. नडग्यांवर खांब घासून पडलेले घट्टे. खांदे इतके गेलेत की हात वर करून बनियन घालता येत नाही, म्हणून बनियनसुद्धा मी पुढून बटणांची शिवून दिलीये. डाव्या मनगटावर जुन्या झटक्याचा पांढरा डाग आहे. हे सगळं मी धरूनच चालले होते. सुताराची बोटं कापतात, आचाऱ्याचे हात भाजतात, त्यातलंच हे. पण मनाचं काय होतंय ते तेल लावून कळत नाही, आणि ते मला फार उशिरा कळलं.

ह्यांच्या कामात दोन गोष्टी पाळायच्याच असतात. पहिली म्हणजे कुठलीही तार आधी तळहाताने धरायची नाही, टेस्टरने बघितली असली तरीही. हाताची मागची बाजू अलगद लावायची. तार जिवंत असली तर तळहात आवळला जातो आणि माणूस तिला चिकटतो. मागची बाजू लावली तर हात निदान झटका खाऊन बाजूला पडतो. दुसरी गोष्ट फ्यूजची. खांबावर चढण्याआधी ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतले फ्यूज उपसायचे. चिनी मातीचे, साबणाच्या वडीएवढे पांढरे फ्यूज असतात ते. काढले की ते पेटीवर ठेवायचे नाहीत, गाडीत टाकायचे नाहीत, कुणाला सांभाळायला द्यायचे नाहीत. सरळ आपल्या खिशात. ज्याने काढले त्यानेच परत लावायचे, आणि तेही सगळी माणसं खाली आल्यावर.

हे आणि मामा वर्षानुवर्षं जोडीने काम करत आले. मामा म्हणजे ह्यांचे सख्खे मामा नव्हेत, सगळं ऑफिसच त्यांना मामा म्हणायचं. फ्यूज लावण्याआधी हे खालून हाक मारायचे, “मामा, खाली?” मामा जिथे असतील तिथून ओरडायचे, “खाली!” मगच हात पेटीत जायचा. मामा समोर उभे दिसत असले तरी हे विचारायचेच. मी हसायचे, म्हणायचे, “डोळे दिलेत ना देवाने?” हे म्हणायचे, “डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतं?”

गेल्या वर्षी मामा भाजले. फ्यूज मामांच्याच खिशात होते, नियम पाळला होता. पण पुढच्या वळणावरच्या वर्कशॉपवाल्याने कंटाळून आपला जनरेटर सुरू केला आणि मेन स्विच पाडायला विसरला. करंट उलटा फिरून तारेत आला. तार जमिनीला जोडणारी अर्थिंगची साखळी टाकली असती तर काही झालं नसतं. पण काम चुटकीसरशी होण्यासारखं होतं आणि मामाच म्हणाले होते, राहू दे रे. शेजारच्या खांबावरून हे बघत होते. मामांचा उजवा हात कोपराच्या वर कापावा लागला. आता ते ऑफिसच्या स्टोअरमध्ये बसतात आणि डाव्या हाताने खिळे, वायर, बल्ब मोजून देतात.

त्यानंतर ह्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूला हाताची मागची बाजू लावायला सुरुवात केली. दाराची कडी, नळाची तोटी, लोखंडी कपाट, स्टीलचं ताट. आधी मागच्या बाजूने शिवायचं, एक क्षण थांबायचं, मग धरायचं. आमच्या लेकीला शाळेतून आल्यावर बाबांनी गालाला हात लावायची सवय आहे. तोही आता उलटा लागायचा. एकदा माझ्या खांद्यालाही तसाच हात लागला तेव्हा मी म्हटलं, “अहो, मी काय जिवंत तार आहे का?” नेहमीचे हे असते तर म्हणाले असते, त्याहून डेंजर. पण ह्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, “लक्षात नाही आलं गं.”

झोप तर उडालीच होती. डोळा लागला की ह्यांचे पाय हलायला लागायचे, झोपेतसुद्धा खांब चढायचे. जेवताना चमचा वाटीवर कडकड वाजायला लागला, तेव्हा हे ताट पुढे ओढून हाताने जेवायला लागले. मला काय दिसत नाही? मी साहेबांची ओळख काढली, हातापाया पडून सांगितलं, की ह्यांना खाली बसायचं काम द्या. साहेब भले होते. त्यांनी ह्यांना दोनदा विचारलं, स्टोअरमध्ये बसता का? मामांना मदतनीस हवाच आहे. हे दोन्ही वेळा नाही म्हणाले. मी भांडले, रडले, अबोला धरला. शेवटी कुठे हे एवढंच बोलले, “दिवसभर त्या रिकाम्या बाहीसमोर बसू? त्यापेक्षा खांब बरा.”

 तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली होती. मी बातमीची वाट बघत होते. कोण सांगायला येईल, साहेब की आणखी कुणी, मी तेव्हा काय शिवत असेन, हेसुद्धा माझं ठरून गेलं होतं.

मामांच्या जागी दुसऱ्या विभागातून एक जण बदलून आला. ह्यांच्याच वयाचा, टक्कल पडलेला, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्याचं नाव रेडिओ पडायला आठवडासुद्धा लागला नाही. खांबावर चढतानाही हा बोलत असे. स्वतःच्या दातांवर, मेहुण्याच्या गाडीवर, सिमेंटचे खांब बरे की लोखंडी यावर. आमच्याकडे चहाला आला की चहा निवून जायचा, पण गोष्ट संपायची नाही. हे वैतागायचे. पण त्याचा एक फायदा होता, जो कुणाच्या ध्यानात आला नाही. रेडिओ कुठे आहे ते ह्यांना विचारावंच लागत नसे. आवाज वरून आला तर रेडिओ वर, बाजूने आला तर रेडिओ खाली. हळूहळू ह्यांचं ते ‘खाली?’ विचारणं बंद पडलं.

त्या दिवशी सकाळपासून वारं सुटलं होतं. मागच्या रस्त्यावर झाडाची फांदी तारांवर पडली आणि आमची अख्खी गल्ली बंद झाली. मी मोटारीचा पट्टा काढला आणि शाळेचे गणवेश शिवायला घेतले. दुपार कलली तरी लाइट नव्हती. इस्त्रीवाला दोनदा येऊन विचारून गेला. मी त्याला म्हटलं, “मी काय माझ्या पदराला बांधून ठेवलीये लाइट?” मी खुशीत होते. जेवढा उशीर, तेवढं बरं.

आणि दारात हे उभे राहिले.

मला आधी कळेचना काय चुकतंय. मग कळलं. लाइट नाही आणि हे घरी. असं आजवर कधी झालं नव्हतं. काम अर्धं टाकून हा माणूस स्वतःच्या तापातही कधी घरी आला नव्हता. कमरेचा पट्टा तसाच होता. हेल्मेट डोक्यावर तसंच. ह्यांनी दाराच्या कडीला हाताची मागची बाजू लावली, थांबले, पुन्हा लावली, आणि मग दार न लावताच आत येऊन खुर्चीवर बसले. डावा हात शर्टाच्या खिशावर दाबून धरला होता. कुणी हिसकावून घेईल अशी भीती वाटावी, तसा.

“काय झालं?”

हे खाली फरशीकडेच बघत होते.

“अहो, काय झालं? रेडिओ कुठंय?”

ते नाव घेतलं आणि ह्यांचा चेहरा असा काही झाला की मी हातातला गणवेश तसाच टाकून उठले. मी पाणी दिलं. ग्लासालाही मागची बाजू लावली आणि धरलाच नाही. ह्यांचा फोन वाजत होता. साहेबांचा होता. हे त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. लेक आतल्या खोलीतून बाहेर आली, बापाकडे बघून तिथेच थांबली. मी तिला खुणेने आत पाठवलं आणि ह्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“मी फ्यूज लावत होतो,” हे म्हणाले.

“बरं. मग?”

“माझा खांब झाला. मी खाली आलो. सगळं शांत होतं. मला वाटलं, हा चहाला गेला.” हे थांबले. “पहिला फ्यूज पेटीत नेला होता गं. खाचेला टेकवला होता. नुसता दाबायचा बाकी होता. तेवढ्यात वाऱ्याने पलीकडची शिडी वाजली. बघतो तर हा वर. दोन्ही हात तारेवर. पाठ माझ्याकडे.”

“तो बोलत नव्हता?”

“सकाळी मीच खेकसलो त्याच्यावर. म्हटलं, वर असताना तोंड बंद ठेव, माझं डोकं फिरतंय तुझ्या बडबडीने. रुसला होता तो. दिवसभर एक शब्द नाही बोलला.”

इतकी वर्षं मी एकाच बातमीची वाट बघत आले होते, ह्यांच्या बातमीची. ह्यांच्या हातून दुसऱ्या कुणाच्या घरी अशी बातमी जाऊ शकते, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. ह्यांच्या मनात मात्र रोज तेच घोळत असणार. जेवताना वाजणारा चमचा, झोपेत चालणारे पाय, सगळं त्याचंच होतं. आणि मी आपली नुसतीच ह्यांच्यासाठी घाबरत होते.

“मग मी ते काढून खिशात घातले आणि चालायला लागलो,” हे म्हणाले. “पेटीपासून लांब. हे माझ्याकडे आहेत तोवर माझ्या हातून कुणी मरत नाही.”

फोन पुन्हा वाजला. या वेळी मी उचलला. साहेबांनी मी कोण हेसुद्धा विचारलं नाही, सरळ सुरू झाले. ऑफिसवर लोकांचे फोन येताहेत, डोकं उठलंय, काम तर केव्हाच व्हायला हवं होतं, हे फोन उचलत नाहीत म्हणजे काय. शेवटी म्हणाले, “दुसरा वायरमन पाठवलाय मी. जादाचे फ्यूज देऊन. तो लावून टाकेल. त्यांना म्हणावं, उद्या येऊन भेटा.”

मी विचारलं, “अहो, रेडिओ उतरला का पण?”

“कामच झालं असेल ना आता? त्यांना माहीत असेल. ते तिथेच होते.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. “तुम्ही निघताना रेडिओला सांगितलं होतं?”

ह्यांनी मान हलवली. नाही.

“साहेब, थांबवा त्याला!” मी ओरडले. “रेडिओ वरच आहे. त्या माणसाला फोन करा!” साहेबांनी काहीतरी विचारलं, पण मी कट करून रेडिओला फोन लावला. वाजत राहिला. हातात मोजे घालून तारेवर असलेला माणूस फोन कसा उचलणार? पुन्हा साहेबांना लावला. ते म्हणाले, तो मोटारसायकलवर आहे, उचलत नाही, मी लावतोच आहे.

हे खुर्चीतच होते. हात खिशावर. सगळं ऐकलं होतं, पण उठता येत नव्हतं. त्या क्षणी मला ह्यांची दया आली नाही, खोटं कशाला सांगू. मी ह्यांचा फोन ह्यांच्या पँटच्या खिशात कोंबला, कमरेचा पट्टा धरला आणि ओढलं.

“उठा! तुमच्या खिशात ठेवून काय उपयोग? त्याच्याकडे दुसरे आहेत. उठा म्हणते ना!”

उठले. दाराला हात न लावता बाहेर पडले. मी तशीच, गळ्यात मोजमापाची टेप, हातात माझा फोन, मागे धावले. इस्त्रीवाल्याने तोंड उघडलं, पण आमची तोंडं बघून मिटलं. मागच्या रस्त्याला जायला एक बोळ आहे. एरवी ह्यांचे गुडघे त्या बोळातल्या चढावर कुरकुरतात. त्या दिवशी हे असे पळाले की मी मागे पडले. वारं तोंडावर येत होतं आणि मी पळता पळता आजूबाजूच्या खिडक्या बघत होते. सगळीकडे अंधार होता. तो तसाच राहू दे, एवढंच मी मनात घोकत होते. कुठल्यातरी खिडकीत दिवा लागला तर समजायचं, संपलं.

मी बोळातून बाहेर आले तेव्हा हे पेटीला पाठ लावून उभे होते. दोन्ही हात पसरलेले. समोर एक माणूस मोटारसायकल स्टँडवर लावत होता आणि त्याच्या हातात पिशवी होती. तो गोंधळून म्हणाला, “अहो, साहेबांनीच सांगितलंय...”

“माणूस वर आहे,” हे म्हणाले. आवाज नेहमीसारखा होता, फक्त छाती वरखाली होत होती. मग मान वर करून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले, “रेडिओ! खाली?”

पलीकडच्या खांबावर रेडिओ होता. पाठ आमच्याकडे. पक्कड तारेवर चालली होती. उत्तर नाही.

“रेडिओ, खाली?”

“दिसतंय ना वर आहे ते,” वरून फुगलेला आवाज आला. “तुम्हीच सांगितलंय ना, तोंड बंद ठेव म्हणून?”

ती त्याची कुरबुर ऐकून मी तिथेच रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसले. रडत होते की हसत होते, माझं मलाच कळत नव्हतं. पिशवीवाला माणूस एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे बघत होता. त्याला आपला वाजणारा फोन आता कुठे ऐकू आला. साहेबांचा होता. तो उचलून नुसतं “हो, हो” म्हणत राहिला.

रेडिओ सावकाश, रुसव्याने उतरला. शिडीच्या शेवटच्या पायरीवरून जमिनीला पाय टेकवला आणि समोर ह्यांना बघून जरा बिचकला. हे पेटी सोडून त्याच्याकडे गेले. हाताची मागची बाजू त्याच्या गालाला लावली. मग दंडाला. मग हात उलटा केला आणि तळहाताने त्याचा दंड घट्ट धरला.

“काय झालं भाऊ?” रेडिओने माझ्याकडे बघून विचारलं. “वहिनी, तुम्ही इथे कशा?”

“बोल,” हे म्हणाले.

“काय बोलू?”

“काहीही बोल. मेहुण्याच्या गाडीचं सांग.”

रेडिओ आधी अडखळला. मग म्हणाला, ती गाडी काय, पुन्हा बंद पडली, मी आधीच सांगितलं होतं त्याला, जुनी गाडी घेऊ नकोस म्हणून. आणि मग जो सुटला तो सुटलाच. हे मान हलवत ऐकत होते, दंड न सोडता. गाडीची गोष्ट संपून दातांची सुरू झाली तेव्हा ह्यांनी त्याला हळूच तोडलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. शिडी वाजली तिथपर्यंत, काही न वगळता. रेडिओचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्याने पेटीकडे बघितलं, वर तारेकडे बघितलं. मग त्याने आपला मोजा काढून ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “भाऊ, लावा आता. लोक शिव्या घालताहेत.”

“तू माझ्या खांद्याला धरून उभा राहा. मी लावेपर्यंत सोडू नकोस.”

असे ते लावले. रेडिओ मागून खांदा धरून उभा आणि हे एकेक फ्यूज खाचेत दाबताहेत. पहिला फ्यूज खाचेत नीट बसेपर्यंत ह्यांना तीनदा टेकवावा लागला, ते त्या पिशवीवाल्यालाही दिसलं. त्याने सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. शेवटचा फ्यूज बसला आणि बोळाच्या टोकाला आमच्या गल्लीतून तो ओरडा आला, “आली, आली!” समोरच्या घरातला पंखा फिरायला लागला.

हे पेटी बंद करून रेडिओला म्हणाले, “साहेबांना सांग, उद्यापासून मी स्टोअरमध्ये बसतो.”

“मामांजवळ?” मी विचारलं.

“मामांसमोर.”

मी उठून साडी झटकत होते, तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. ह्यांचं नाव. बघितलं तर हे माझ्यापासून हाताच्या अंतरावर, कानाला फोन लावून उभे.

“अहो, मी इथेच आहे,” मी म्हटलं.

“माहीत आहे. जमिनीला पाय टेकलेत, म्हणून दिली.”

नेहमीसारखा मी तो कट करायला हवा होता. केला नाही. तो वाजून वाजून आपोआप थांबेपर्यंत आम्ही दोघंही तिथेच उभे राहिलो.